खिडकीखाली बुटकं हायड्रेंजिया: कोणतं घेऊ?

वाफाळता_चहा: न्यूजर्सी, झोन 7 (हिवाळ्यातल्या थंडीप्रमाणे पाडलेला हवामानाचा पट्टा). खिडकीची चौकट जमिनीपासून साडेतीन फुटांवर, ऊन सकाळचं. तीन झुडपं हवीत, मिळून 100 डॉलरच्या आत. छाटणीचा कंटाळा. पुढच्या मेमध्ये सासूबाई येतायत, तोवर अंगण जरा बरं दिसावं.

निगुती: एंडलेस समर, डोळे मिटून. माझं निळंशार फुलतं, शेजारीण गाडी थांबवून बघते.

खुरपं: माझ्याकडे तेच आहे. चार वर्षांत पाच फुलं. दर ऑक्टोबरात नीट भादरतो, तरी!

निगुती: भादरता म्हणूनच! पुढच्या कळ्या जुन्या फांदीवर आधीच धरलेल्या असतात.

खुरपं: नव्या फांदीवरही येतात असं लेबलावर छापलंय. मग?

दगडफूल: आम्ही लँडस्केपरलाच बोलावलं. 1,400 लागले, पण कटकट नाही.

वाफाळता_चहा: 100 हो, 100.

मातीमाय: पॅनिक्युलाटा जातीतलं बोबो बघा. बेल्जियममध्ये तयार केलेलं, तीन फुटांवर जात नाही. नव्या फांदीवर फुलतं, त्यामुळे थंडीत कळ्या गेल्या हे रडगाणं नाही. मार्चमध्ये तिसरा हिस्सा छाटला की झालं. लिटल लाइम नको, ते पाच फुटांपर्यंत जाऊन खिडकी झाकेल.

निगुती: बोबोला चहाचा चोथा घाला, निळं होईल.

मातीमाय: नाही होणार. मातीप्रमाणे रंग बदलतो तो मोठ्या पानांच्या जातीचा, तोही आम्लधर्मी मातीतलं ॲल्युमिनियम मिळालं तर. बोबो पांढरंच उमलतं, उतरताना गुलाबी होतं.

निगुती: माझ्या आजीने आयुष्यभर गुलाबाला चहाचा चोथा घातला.

खुरपं: आजीच्या गुलाबाचा इथे काय संबंध?

रत्नागिरीकर: जास्वंद लावा. रोज फूल, गणपतीला चालतं.

दगडफूल: अहो, जानेवारीत तिथे बर्फ असतो.

खुरपं: हरणांचं कोणी बोललंच नाही. माझी ती पाच फुलं त्यांनीच खाल्ली.

मातीमाय: मग इतका वेळ छाटणीवर का भांडत होतात?

निगुती: +1. आणि एंडलेस समरच घ्या.

वाफाळता_चहा: सगळ्यांचे आभार. बोबो एकेक 45 ला होतं. बाहेर सेलमध्ये नॉक आउट गुलाब दिसले, 54 मध्ये तीन, ते उचलले. सासूबाईंना पूजेला फुलं होतील.

मातीमाय: वास नसतो हो त्यांना. आणि हरणं गुलाब आवडीने खातात.

वाफाळता_चहा: खड्डे खणून झालेत.