प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्याचं बिल कोणी भरायचं?

बाटलीबंद (धागाकर्ता)
बऱ्याच विद्यापीठांत रासायनिक कचऱ्याचा खर्च मध्यवर्ती निधीतून भागतो. माझं मत : हे बंद करा. ज्याचा कचरा, त्याचं बिल. फुकट आहे तोवर कोणी हात आखडत नाही. हवं असतं १०० मिली, मागवतात अडीच लिटर, कारण मोठी बाटली स्वस्त पडते. उरलेलं वर्षानुवर्षं कपाटात. संशोधन गटाच्या अनुदानातून लिटरमागे पैसे कापा, आपोआप शहाणे होतील.

नळाखालचा
शहाणे होतील की बेसिनमध्ये ओततील? लिटरमागे पैसे लावा, रात्री नऊनंतर नळ धो धो वाहतील बघा. सोडियम अझाइडचं द्रावण असं जात राहिलं, की तांब्या-शिशाच्या पाइपात त्या धातूंची अझाइडं साचतात आणि धक्क्याने फुटतात. ओतणारा तोवर पीएचडी घेऊन गेलेला असतो. पाना घेऊन वाकलेला असतो तो प्लंबर.

बाटलीबंद
म्हणजे लोक चोरून ओततील म्हणून नियमच नको? मग वीजबिलही माफ करा, आकडे टाकतात म्हणून.

तळमजला_सहायक
पैशांचं तुम्ही बघा, कॅन मी उचलतो. मला ओतण्याइतकीच भीती एकत्र करण्याची वाटते. लिटरमागे दर लागला की कशात काय मिसळून कॅनची संख्या कमी दाखवायची, हे सुरू होणार. नायट्रिक आम्लाच्या कचऱ्यात कोणी मिथेनॉल ओतलं तर बरेचदा लगेच काहीच होत नाही. घोळ तिथेच आहे. माणूस झाकण घट्ट लावून घरी जातो, आत वायू तयार होत राहतो आणि रात्री कधीतरी बाटली फुटते. सकाळी धुराड्याच्या कपाटात (फ्यूम हूडमध्ये) नुसत्या काचा. म्हणून नायट्रिकला वायू सुटणारं झाकण, वेगळा ट्रे, आणि मिथेनॉलसारख्या द्रावकांपासून लांब. क्लोरोफॉर्मचा कॅन वेगळा, अ‍ॅसिटोन-हेक्झेनचा वेगळा. लेबलवर पूर्ण नावं लिहा. ‘कचरा २’ हे लेबल नव्हे.

अर्धा_मोल
सहायकांना +१. दोघांचं भांडण मिटवतो : कचरा टाकताना पैसे घेऊच नका, खरेदीच्या वेळीच घ्या. बाटली मागवली की विल्हेवाटीचा अधिभार तेव्हाच कापला जाईल. पैसे आधीच गेलेत म्हटल्यावर बेसिनमध्ये ओतून वाचणार काय? शिवाय अडीच लिटरला अडीच लिटरचा अधिभार, म्हणजे मोठी बाटली स्वस्त राहतच नाही.

बाटलीबंद
हे चालेल मला. तत्त्व माझंच आहे, फक्त वसुलीची खिडकी बदलली.

नळाखालचा
आणि जे आधीच कपाटात बसलंय त्याचं? पिक्रिक आम्ल ओलं असेपर्यंत ठीक, कोरडं पडलं की स्फोटक. झाकणाच्या आट्यांत पिवळे स्फटिक दिसले तर हातही लावायचा नाही, फिरवतानाचं घर्षण पुरतं. अशी बाटली निवृत्त प्राध्यापकांच्या कपाटात सापडली तर अधिभार कोणाकडून घेणार? दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं गॅमा विकिरण यंत्र १९८५ पासून पडून होतं. २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात तोडलं तेव्हा आतला किरणोत्सारी कोबाल्ट-६० उघडा पडला. एक कामगार दगावला, बाकीचे आजारी पडले. तिथे बिल नेमकं कोणी भरलं, सांगा. बेवारस मालाला मध्यवर्ती निधीच लागतो.

बाटलीबंद
जुना साठा विद्यापीठाने एकदाच, स्वखर्चाने उपसावा. त्यापुढे मात्र ज्याचं त्याने. आणि निवृत्त होताना कपाट रिकामं करून दाखवल्याशिवाय ना-देय प्रमाणपत्र द्यायचं नाही. ग्रंथालयाचं एक पुस्तक राहिलं तर अडवता ना?

तळमजला_सहायक
‘एकदाच’ हे गेली कित्येक वर्षं ऐकतोय. उपसायला घेतलं की निम्म्या बाटल्यांची लेबलं वाचता येत नाहीत. आत काय आहे ते तपासल्याशिवाय विल्हेवाट लावणारी संस्था माल उचलत नाही आणि त्या तपासणीचा खर्च कोणत्याच खात्यात बसत नाही. आधी त्याचं लेखाशीर्ष उघडून द्या, मग अधिभारावर खुशाल भांडा.

अर्धा_मोल
निवृत्तीची अट उत्तम. पण संशोधन अर्धवट टाकून गेलेले विद्यार्थी? ते प्रमाणपत्र मागायला येतच नाहीत.