खंडेनवमीला लॅपटॉपला फूल वाहायचं, पण कुठे?

काळी_चार
खंडेनवमीला घरात वाजलंच. बाबा पंचेचाळीस वर्षं तबला वाजवतायत, भजनी मंडळ आणि अधूनमधून नाट्यसंगीत. दरवर्षी तबला-डग्गा, माझी पेटी आणि आईचे टाळ पाटावर मांडून झेंडू वाहतो. यंदा भाच्याने (वय १९) त्या पाटावर स्वतःचा लॅपटॉप आणून ठेवला. टेक्नो (यंत्रांवरचं नाचाचं संगीत) बनवतो, मित्रांच्या पार्ट्यांना डीजे म्हणून जातो. बाबांनी लॅपटॉप उचलला आणि आईच्या शिलाई मशीनशेजारी ठेवला. म्हणाले, "पूजा होईल त्याची, अवजार म्हणून. वाद्यांत नको." भाचा न जेवता गेला. बाबांचं म्हणणं एवढंच, की बटण दाबून सुरू झालेला ठेका कुणाच्याच हातात नसतो. मला अर्धं पटतं. दोन्हीकडचा अनुभव असलेलं कुणी आहे का इथे?

झेंडू_शंभरला_पाव
शिलाई मशीनशेजारी म्हणजे मानाची जागा. आमच्याकडे मिक्सरलाही फूल असतं.

पाटी_कोरी
बाबा बरोबर आहेत. आमच्या मंडळाच्या मिरवणुकीतला डीजे पेनड्राइव्ह खुपसून दोन तास नुसता हात वर करून नाचत होता. खिडक्यांच्या काचा वाजत होत्या, हा सोडून सगळं वाजत होतं.

ठेकेदार
बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) वाजवतो, २००१ पासून. सुरुवातीला आमचा ढोलकीवाला मला 'प्लास्टिक' म्हणून हाक मारायचा. शाई नाही, पुडी नाही, सूर उतरायची भीती नाही, मग वादक कसला? एका विसर्जनाला धो धो पावसात त्याची ढोलकी बसली. मी पॅडवर खरंच प्लास्टिकचा कागद टाकला आणि पुढचे तीन तास ढोलकीसुद्धा मीच काढली. हाक तेव्हापासून बंद.

आपण गाणं 'लावतो' आणि गाणं 'वाजवतो'. पाटी_कोरींना भेटला तो लावणारा. पण एक रेकॉर्ड १२४ बीपीएमची (मिनिटाला १२४ ठोके), दुसरी १२७ची, एका कानाला हेडफोन आणि बोटाने वेगाची पट्टी सरकवत दोन्ही जुळवणारा माणूसही मी शेजारी उभं राहून पाहिलाय. जरा लय सरकली की घोड्याच्या टापा पडल्यासारखं ऐकू येतं आणि नाचणारे जागच्या जागी अडखळतात. हल्ली लय आपोआप जुळवणारं सिंकचं बटण आहे, ते दाबणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

स्वतः संगीत बनवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मुंबईचे चरणजित सिंग माहीत आहेत? हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारा माणूस. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. त्यातलं टीबी-३०३ हे यंत्र बेस वाजवणारा नसेल तर त्याची जागा भरायला जपानने काढलेलं. आधी नुसते स्वर भरायचे, मग त्यांचा काळ वेगळा भरायचा. भयंकर कटकटीचं, त्यामुळे चाललं नाही, १९८४ला बंद पडलं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती, आणि ते वाजत असताना बटणं फिरवून आवाज उघडता-मिटता यायचा. शिकागोच्या पोरांनी १९८७मध्ये याच आवाजावर ॲसिड हाऊस हा नाचाच्या संगीताचा प्रकार उभा केला. सिंगांची रेकॉर्ड २०१० साली पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या डीजेंनी तोंडात बोटं घातली, शिकागोच्या पाच वर्षं आधीचा हा आवाज!

आता पेटीवाल्यांना एक चिमटा. तुमच्या वाद्याला आकाशवाणीने १९४० ते १९७१ दारातच उभं ठेवलं होतं. कारण? मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाणं, निघत नाही. आमचं ते डबडं घसरतं तरी.

भाच्याला एवढंच विचारा, सिंक बंद करून दोन गाणी जुळवता येतात का. आणि बाबा रियाजाला लेहरा (तालाच्या साथीला फिरून फिरून येणारी धून) कशावर लावतात?

पाटी_कोरी
दहा राग वगैरे ठीक. पण असे किती? शंभरातले नव्व्याण्णव पेनड्राइव्हवालेच.

ठेकेदार
शंभरातले नव्व्याण्णव तबलजीही केरव्याच्या पुढे जात नाहीत हो.

काळी_चार
लेहरा फोनवर. तीनताल, चंद्रकंस. ॲप भाच्यानेच घालून दिलंय.

काल तो आला. सिंक बंद करून दाखव म्हटलं, तर तिसऱ्या खेपेला जमलं. पहिल्या दोनदा त्या टापा मलाही ऐकू आल्या. मग सिंगांचा मालकंस लावला. बाबांची बोटं मांडीवर चालू होती, मी पाहत होतो. संपल्यावर म्हणाले, ठेका एकच किती वेळ रेटणार, कायदा (ठराविक बोलांची रचना) नाही, पलटा (तिचे फेरफार) नाही, निदान तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) तरी घ्यायची. भाच्याने ते फोनवर लिहून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, चार मिनिटं तिहाया वाजवून द्याल? रेकॉर्ड करतो." बाबांनी तबला जुळवायला घेतला.

लॅपटॉप शिलाई मशीनशेजारीच होता. चार्जिंगचा पॉइंट तिथेच आहे.