मेंदूची रचना ते आकलन: अभ्यास कोणत्या क्रमाने करावा?

नवशिकी:
नमस्कार मंडळी. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. ज्ञानेंद्रियांपासून विचारापर्यंतचा भाग अभ्यासाला आहे आणि गाडी मेंदूच्या आकृतीवरच अडली आहे. लोब (मेंदूचे मोठे भाग), त्यांची कामं, ब्रॉडमनने मेंदूच्या भागांना दिलेले क्रमांक, सगळं पाठ होतं. पण डोळ्यात शिरलेल्या प्रकाशाची 'ही माझी आई' अशी ओळख कशी पटते, ते काही केल्या उलगडत नाही. आधी काय वाचू?

पेन्सिलवाली:
ब्रॉडमन तूर्तास बाजूला ठेवा. १९०९ साली त्याने ते भाग पाडले ते पेशींची मांडणी सूक्ष्मदर्शकाखाली बघून. कोणता भाग काय काम करतो हे त्यातून आपोआप कळत नाही.

माझा सल्ला: एकच इंद्रिय धरा, दृष्टी. कोऱ्या कागदावर रेटिना (डोळ्यातला पडदा), ऑप्टिक नर्व्ह (डोळ्यातून निघणारी नस), कायाझ्मा (दोन्ही नसा एकत्र येतात ती जागा), मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमसमधलं एलजीएन (दृष्टीची माहिती पुढे पाठवणारं केंद्र) आणि पार मागे ऑक्सिपिटल लोबमधला व्ही१ (कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, ही माहिती आधी पोचते तो भाग) असा रस्ता काढा. कायाझ्मापाशी घाई नको. रेटिनाच्या नाकाकडच्या अर्ध्या भागातले तंतू तिथे बाजू बदलतात, कानाकडचे बदलत नाहीत. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना डावीकडचं जे दिसतं ते उजव्या मेंदूत पोचतं.

आता रस्ता जागोजागी तोडून बघा. ऑप्टिक नर्व्ह तुटली की तो डोळा गेला. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीने कायाझ्मा मधोमध दाबला गेला तर दोन्हीकडच्या कडा दिसेनाशा होतात. त्याच्या मागे एका बाजूला इजा झाली तर दोन्ही डोळ्यांना समोरच्या दृश्याची तीच अर्धी बाजू दिसत नाही. हे कागदावर स्वतः काढता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

मागचा_बाक:
पेन्सिलवालींना +१. आईच्या चेहऱ्याचं उत्तर मात्र व्ही१च्या पुढे आहे. तिथून एक वाट खाली टेम्पोरल लोबकडे जाते, वस्तू ओळखण्यासाठी. दुसरी वर पॅरायटल लोबकडे, जागा आणि हालचालीसाठी. खालच्या वाटेवरच्या फ्युसिफॉर्म भागाला इजा झाली तर नाक, डोळे, ओठ सगळं दिसतं, पण चेहरा कोणाचा ते कळत नाही. तोच माणूस बोलला की आवाजावरून लगेच ओळख पटते!

डी. एफ. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाबद्दल जरूर वाचा. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेनंतर समोरची फट उभी आहे की आडवी हे तिला सांगता येत नसे. पण त्याच फटीत कार्ड टाकायला सांगितलं की हात बरोबर वळे. संवेदना, आकलन आणि कृती वेगळ्या करून दाखवणारं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

एक मात्र ध्यानात असू द्या, बाण उलटेही काढायचे. एलजीएनमध्ये रेटिनाकडून येणाऱ्या जोडण्या थोड्याच असतात, कॉर्टेक्सकडून परत येणाऱ्या त्याहून जास्त. आकृत्यांमध्ये हे बहुतेकदा गाळलेलं असतं, आणि मग मेंदू म्हणजे एकेरी वाहतूक वाटू लागते.

नवशिकी:
दोघांचेही मनापासून आभार! आजच कागद घेते. दृष्टीनंतर श्रवण की स्पर्श?

पेन्सिलवाली:
स्पर्श. तिथेही बाजू बदलते, पण तंतू एकाच ठिकाणी ओलांडत नाहीत: बारीक स्पर्शाचे मेंदूच्या देठात (ब्रेनस्टेम), वेदना आणि तापमानाचे मज्जारज्जूतच. श्रवण शेवटी ठेवा. कानाची माहिती देठापासूनच दोन्हीकडे पसरते, त्यामुळे एका बाजूच्या कॉर्टेक्सला इजा झाली तरी एक कान ठार बहिरा होत नाही. आधीच्या दोन आकृत्या जमल्या की ही अवघड जाणार नाही.