रविवारी ड्युटी लागते, मग देवाला पहिलं स्थान द्यायचं म्हणजे नक्की कसं?

चाकणवाला_क्वालिटी
सलाम सगळ्यांना. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, शिफ्ट फिरती आणि आता विकली ऑफ मंगळवारी केलाय. फर्स्ट शिफ्ट असली की चर्चमधली रविवारची भक्ती बुडते, सेकंड असेल तर आशीर्वाद व्हायच्या आधीच उठून पळायचं. आई नगरकडच्या जुन्या मंडळीतली (चर्चमधली), ती रोज बायबलातलं मत्तय ६:३३ काढून दाखवते, पहिल्याने त्याचं राज्य मिळवायला झट, बाकीचं तो बघेल. वचन मान्यच आहे हो पण घराचा हप्ता ५ तारखेला कापला जातो आणि बँकेला वचन दाखवून चालत नाही. पहाटे साडेपाचला कंपनीची बस, म्हणजे सकाळची शांत वेळही नाही. वर दशमांश (देवाला द्यायचा कमाईचा दहावा भाग) ग्रॉसवर काढायचा का हातात येतो त्याच्यावर, यावर घरात वाद. तर देवाला पहिलं स्थान म्हणजे दिवसातली पहिली वेळ, पगारातला पहिला भाग, का सरळ नोकरीच बदलू?

शब्बाथप्रेमी
भाऊ मी जरा कडक बोलतो, रविवार एकदा सुटला की हळूहळू सगळंच सुटतं, आमच्या तरुण संघातली किती पोरं अशीच गेली. स्कॉटलंडचा धावपटू एरिक लिडलचं माहीत असेल, १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक, १०० मीटरच्या हीट्स रविवारी म्हणून तो उतरलाच नाही. पण लोक पुढचं सांगत नाहीत, वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधी कळलं होतं आणि त्याने ४०० मीटरची तयारी केली आणि त्यात गोल्ड घेतलं. धावणं नाही सोडलं, शर्यत बदलली. तुम्हीपण लगेच राजीनामा देऊ नका, आधी लाईनवर अदलाबदल करून बघा. गणपती, दिवाळीला सगळ्यांना सुट्टी पाहिजे असते, तेव्हा तुम्ही उभे राहा आणि बदल्यात रविवार मागा. सुपरवायझरला लेखी द्या, नुसतं तोंडी नको.

नाईटड्युटीवाली
दादा मी नर्स आहे, माझे अर्धे रविवार वॉर्डातच जातात. मिशन हॉस्पिटलं आपल्याच लोकांनी काढली, मिरजेचं वानलेस घ्या, तिथे रविवारी पेशंट घरी पाठवत होते का? शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी झाला, हे प्रभूनेच सांगितलंय (मार्क २:२७). आणि कलस्सै ३:२३ आपण घरात फ्रेम करून लावतो, जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, पण ते कोणाला लिहिलंय बघा, एक वचन वर जा, दासांना. त्यांना कसला विकली ऑफ! रविवारची सुट्टी कायद्याने आली ती ३२१ साली, कॉन्स्टंटाइन बादशहाच्या हुकमाने. त्याआधी कामाला जाणारे विश्वासणारे काय करायचे? प्लिनी म्हणून एक रोमन गव्हर्नर होता, त्याने साधारण ११२ च्या सुमारास बादशहाला पत्र लिहिलं त्यात आहे की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गाणी म्हणतात. देव एक नंबर, कुटुंब दोन, नोकरी तीन अशी यादी सगळीकडे ऐकवतात, मला तरी ती बायबलात अशी कुठे सापडली नाही.

वसईचा_पोरगा
आम्हा कॅथलिकांत शनिवारी संध्याकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना) रविवारची म्हणून धरतात, चर्चच्या कायद्यातच आहे (१९८३ ची संहिता, कलम १२४८), आमच्याकडे शिफ्टवाले तेच करतात. तुमच्यात तसं नसेल, पण पाळकांना (पास्टरना) शनिवारच्या संध्याकाळचं विचारायला काय जातंय.
मला मात्र वेगळंच विचारायचंय. तुम्ही क्वालिटीला आहात ना, मग महिनाअखेरीला डिस्पॅच अडकलं की "सही कर रे, कस्टमरकडे कळत नाही" असं कोणी म्हणतं का? ऑडिटच्या आदल्या रात्री जुन्या तारखांच्या चेकशीट भरायला बसवतात का? नीतिसूत्रे ११:१ खोट्या तराजूवरच आहे, देवाला त्याचा वीट येतो. माझ्या मते देव पहिला की बॉस पहिला हे तिथेच कळतं, कारण तिथे देवाचं ऐकलं की नुकसान होतं. रविवारी पहिल्या बाकावर बसायला काही लागत नाही. कोणी दुखावलं गेलं असेल तर माफ करा.

जुना_पंच
बाळा, दशमांशाबद्दल लिहितो. नियमशास्त्रात दशमांश धान्य, द्राक्षारस, तेल आणि जनावरांचा होता, ग्रॉस आणि नेटचा प्रश्न मोशेपुढे आलाच नव्हता. दशमांश भांडारात आणा हे मलाखी ३:१० सगळे वाचतात, अनुवाद नावाच्या पुस्तकातलं १४:२८-२९ कोणी वाचत नाही, तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा, लेवी (देवाच्या सेवेतलं कूळ), परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. तेव्हा एखाद्या गरजू घरी दिलंस तर देवाचं चुकवलंस असं मी तरी म्हणणार नाही, काही पाळकांना हे पटत नाही, पण आता या वयात मला काय. मात्र मार्क ७ मधलं कुर्बानही वाच. देवाला वाहिलं म्हणून आईबापाच्या हातावर काही न ठेवणारे तेव्हाही होते. आईच्या औषधांना हात न लावता जे ठरवशील ते महिन्याच्या सुरुवातीलाच बाजूला काढ, उरलं तर देऊ म्हटलं की काही उरत नाही.

शब्बाथप्रेमी
नर्सताई, प्लिनीचं मान्य, पण तुम्हीच लिहिलंत ना, उजाडायच्या आधी जमायचे. कामावर जायचं होतं म्हणून जमणं नाही सोडलं, झोप सोडली. इब्री १०:२५ तेच सांगतं, एकत्र जमणं सोडू नका. वसईकरांचा सहीचा मुद्दा बरोबर आहे, पण एकट्याने रोज नाही म्हणत राहणं जमत नाही हो, पाठीशी चार माणसं लागतात आणि ती मंडळीतच भेटतात. चाकण, भोसरीत आपली शिफ्टवाली बरीच कुटुंबं आहेत, त्यातल्या कोणाचा ऑफ मंगळवारी असेलच, त्यांना गाठून संध्याकाळी कोणाच्या तरी घरी बसा, एक गीत, एक पाठ, प्रार्थना आणि चहा. प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीचा) रविवार मात्र अदलाबदलीत पहिला मागून घ्या. फर्स्ट शिफ्ट किती वाजता सुटते तुमची?