मार्केटिंग रिसर्चचा प्रोजेक्ट: १०० फॉर्म झाले, अल्फा ०.४१ येतोय, आता काय करू?

ताकवाला_सांगली
नमस्कार मंडळी. सांगलीत एमबीए करतोय, दुसरं सेमिस्टर संपलं आणि समर प्रोजेक्ट चालू आहे. एका छोट्या डेअरीत लागलोय (नाव नको), त्यांचं मसाला ताकाचं २०० मिलीचं पाउच आहे, मॅनेजर म्हणाले की पाउच खपत नाहीये, बघ काय प्रॉब्लेम आहे, आणि कॉलेजात गाइड सरांनी विषय दिला "कस्टमर सॅटिस्फॅक्शन". मग मी सीनियरचा जुना रिपोर्ट घेतला, त्यातला फॉर्म थोडा बदलून गूगल फॉर्म केला, सगळ्या ग्रुपवर टाकला आणि बरोबर १०० झाले की लिंक बंद केली. आता अडचण अशी की लायकर्टचे (१ ते ५ मधून किती पटतं ते निवडायचे) पाच प्रश्न घेऊन क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) काढला तर ०.४१ येतोय आणि पुस्तकात ०.७ पाहिजे असं लिहिलंय. काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा संबंध आहे का ते बघायची टेस्ट) पण केला, लिंग आणि समाधान यांचा संबंध, पी व्हॅल्यू ०.६३, म्हणजे संबंध काहीच दिसत नाही. वर सर म्हणतात सॅम्पल ३८४ पाहिजे, म्हणजे ३८४ जणांचे फॉर्म. लेक्चरला सगळं समजलं होतं हो, सॅम्पलिंगचे प्रकार वगैरे पाठ आहेत, पण हातात डेटा आल्यावर काही सुचत नाहीये. सबमिशनला साडेतीन आठवडे आहेत. पाच प्रश्न असे: चव आवडते, ताजं वाटतं, पॅकिंग आकर्षक आहे, दुकानात सहज मिळतं, किंमत जास्त वाटते. शेवटी एक हो-नाही प्रश्न आहे, "शुद्ध, ताजं आणि किफायतशीर मसाला ताक तुम्हाला घ्यायला आवडेल का?" त्याला ९३ जण हो म्हणालेत.

शेवटचा_बाक
भावा एवढा काय विचार करतोस, उरलेले २८४ रात्री बसून भर की. आमच्या बॅचला निम्म्या लोकांनी तेच केलं, मी स्वतः ४० भरलेत, चहा घेत घेत. व्हायव्हाला एक्स्टर्नल फक्त पाय चार्ट बघतात आणि "लिमिटेशन्स काय" विचारतात, टाइम कन्स्ट्रेंट म्हणायचं, सुट्टी.

फिल्डवाला_पुणे
वरच्या साहेबांना आमच्या एजन्सीत एक दिवस आणायला पाहिजे. अकरा वर्षं फिल्डला आहे, आधी इंटरव्ह्यूअर, आता सुपरवायझर. घरी बसून भरलेला फॉर्म लांबून ओळखू येतो, त्याला काही मशीन लागत नाही. खरी माणसं वाकडी उत्तरं देतात, एकाला चव आवडते पण तो विकत घेत नाही, दुसरा शिव्या घालतो पण रोज घेतो. खोट्या फॉर्मात सगळं शहाण्यासारखं जुळतं, ४-४-५-४-४, आणि कोणी कधी "माहीत नाही" म्हणत नाही. आमच्याकडे पाच फॉर्ममागे एकाला परत फोन जातो, त्याला बॅक चेक म्हणतात, त्यात सापडला की त्या पोराचं त्या दिवसाचं सगळं काम बाद आणि पैसे पण बाद.

आता ताकवाल्या, तुझ्याकडे. अल्फा वगैरे मॅडम लोक सांगतील, मी त्याच्या आधीचं बोलतो. मॅनेजरने तुला काय विचारलं? पाउच खपत का नाही. तू लोकांना काय विचारलंस? तुम्ही समाधानी आहात का. अरे जो घेतच नाही तो समाधानी असेल कशाला. आणि तुझ्या १०० मधले किती जणांनी मागच्या आठवड्यात ते पाउच फोडून प्यायलंय? फॉर्मच्या सुरुवातीला तो प्रश्न पाहिजे होता, आम्ही त्याला स्क्रीनर म्हणतो, नाही म्हणाला की टर्मिनेट, धन्यवाद, पुढचं घर. खरं तर तुझ्या कामात न घेणारा पण पाहिजे, फक्त त्याला वेगळे प्रश्न. आणि तो शुद्ध-ताजं-किफायतशीरवाला प्रश्न, एका वाक्यात तीन गोष्टी आणि तिन्ही चांगल्या, त्याला नाही कोण म्हणेल? उरलेल्या ७ जणांचं मला कौतुक वाटतं.

अजून एक, तू मासिक उत्पन्न विचारलं असशील. लोक सांगत नाहीत, सांगितलं तर खोटं सांगतात. इंडस्ट्रीत २०११ पासून घराचा आर्थिक स्तर ठरवायची एनसीसीएस नावाची पद्धत आली, त्यात उत्पन्न विचारायचंच नाही. घरात मुख्य कमावता कोण, त्याचं शिक्षण किती, आणि ११ गोष्टींपैकी घरात काय काय आहे, वीज, पंखा, गॅस, टू-व्हीलर, टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, गाडी, एसी आणि शेतजमीन. त्यावरून ए१ पासून ई३ पर्यंत १२ गट पडतात. दोन मिनिटांचं काम आहे आणि माणूस चिडत नाही.

माझं ऐकशील तर दोन दिवस फॉर्म बाजूला ठेव आणि स्टँडवर जाऊन उभा राहा. वही घे. कोण येतं, काय मागतं, दुकानदार काय हातात देतो, ते पाउच कुठं उभं राहून पितात. काही विचारू नको, फक्त लिही.

आकडेताई
मी रिसर्च मेथड्स शिकवते, दुसऱ्या गावात, त्यामुळे तुझ्या सरांच्या विरोधात बोलतेय असं समजू नकोस 🙂 फिल्डवाले दादा म्हणतात ते सगळं बरोबर, मी फक्त आकड्यांचं सांगते.

अल्फा. पाचवा प्रश्न बघ, "किंमत जास्त वाटते". बाकी चारमध्ये ५ म्हणजे चांगलं, याच्यात ५ म्हणजे वाईट. तू तो उलटा केला नाहीस, बरोबर? रिव्हर्स कोडिंग कर, म्हणजे ६ मधून वजा कर, ५ चा १, ४ चा २. अल्फा लगेच वर जाईल. पण ०.७ होईलच असं नाही आणि व्हायलाच पाहिजे असंही नाही, कारण अल्फा फक्त उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते बघतो, आणि सगळे प्रश्न एकच गोष्ट मोजत असतील तरच त्याला अर्थ असतो. चव आणि "दुकानात सहज मिळतं" ही एकच गोष्ट कशी होईल? चव भारी आणि दुकानात मिळत नाही हे अगदी शक्य आहे, किंबहुना तुझा प्रॉब्लेम तोच असू शकतो. त्यांची बेरीज करून "समाधान" काढूच नकोस, पाच प्रश्नांचे पाच वेगळे तक्ते दे. मुलं जुन्या रिपोर्टातून अल्फा उचलतात कारण तो छान दिसतो.

काय-स्क्वेअर. लिंग आणि समाधान, हे हायपॉथेसिस मी दरवर्षी निम्म्या रिपोर्टांत बघते, कुणीतरी कधीतरी लिहिलं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. डेअरीला त्याचा काय उपयोग, बायकांचं ताक वेगळं काढणार का? आणि वयोगट घेऊन करणार असशील तर पाच वयोगट गुणिले पाच पर्याय म्हणजे तक्त्यात २५ घरं, १०० माणसं, सरासरी ४ एका घरात. अपेक्षित संख्या ५ च्या खाली गेली की ती टेस्ट डळमळते. गट एकत्र कर, तीन-तीन ठेव. सॉफ्टवेअर जामोव्ही वापर, फुकट आहे.

आता ३८४. हा आकडा आभाळातून पडलेला नाही. ९५ टक्के खात्रीसाठी १.९६, त्याचा वर्ग, गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग, करून बघ, ३८४.१६ येतं. म्हणजे अंदाज ५ टक्के इकडे-तिकडे चालेल असं धरलंय. १०० माणसं घेतली तर तेच जवळपास १० टक्के होतं, बस. पण, आणि हा पण मोठा आहे, हे गणित माणसं चिठ्ठी काढल्यासारखी निवडली असतील तरच लागू होतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकून ३८४ आणलेस काय आणि ३८०० आणलेस काय. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने तब्बल १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांच्या वर परत आल्या, आणि सांगितलं की लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकला. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदीतून, मंदीच्या काळात, म्हणजे जास्त करून पैसेवाल्यांचे.

लांब जायला नको, घरी शेती असेल तर पीक कापणी प्रयोग माहीत असेल. पीक विम्यासाठी निवडलेल्या शेतात पीक कापून उत्पन्न मोजतात तो. त्यात रस्त्याकडेचं, सोयीचं शेत घ्यायचं नसतं, नंबर काढून जे येईल ते, मग चिखल तुडवत जावं लागलं तरी. ती पद्धत आपल्याकडे बसवण्यात ज्यांचा मोठा हात होता ते संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. तुझं सॅम्पल रस्त्याकडेचं शेत आहे.

ताकवाला_सांगली
मॅडम खरंच रिव्हर्स कोडिंग केलं नव्हतं 🤦 आता केलं, ०.५८ आला. आणि दादा, मोजलं मी, १०० मधले ७१ कॉलेजच्याच ग्रुपमधले आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ते पाउच बघितलेलं पण नाही, मैत्रीखातर भरलंय. पण सर ३८४ वर अडून बसलेत, त्यांना कसं सांगू?

आकडेताई
सांगू नकोस, विचार. "सर, स्टँड, शाळा, बांधकामाची साइट अशा जागा ठरवून, सकाळ-दुपार वाटून, प्रत्येक जागी येणारा दर पाचवा माणूस घेतला तर १५० चालतील का?" असं कागदावर लिहून ने. प्लॅन दिसला की शिक्षक नरमतात, आम्हाला पण ३८४ चेहरे नकोच असतात, फक्त पोरगं घरी बसून भरणार नाही ना एवढं बघायचं असतं. आणि रिपोर्टात स्पष्ट लिही की हे रँडम सॅम्पल नाही.

किराणावाल्याचा_पोरगा
फक्त एवढंच सांगायला लॉगिन केलं की दुकानदाराला विचारल्याशिवाय रिपोर्ट देऊ नको. आमचं दुकान आहे तालुक्याला. फ्रिजमध्ये जागा एवढीशी, त्यात कोल्ड्रिंकवाल्याने फ्रिजच त्याचा दिलेला असतो, त्यात दुसऱ्याचा माल दिसला तर त्याचा माणूस येऊन कटकट करतो. ताकाचं पाउच एक जरी गळलं तरी खालचा सगळा माल चिकट, आणि फुटलेलं परत घेतात का यावर सगळं आहे. गिऱ्हाईक मागतं तेव्हा "संपलंय" म्हणतो आम्ही, असतं कधी कधी मागे.

ताकवाला_सांगली
नऊ दिवसांनी लिहितोय, सॉरी. स्टँडवर दोन दिवस, मग तीन जागी मिळून १३८ फॉर्म, सगळे समोर उभं राहून, सरांनी प्लॅन बघून सही केली. पण फॉर्मच्या आधीची वहीच जास्त कामाला आली. पहिल्या दिवशी अकराच्या सुमाराला एक काका एसटीतून उतरले, पाउच घेतलं, इकडे तिकडे बघितलं, मग कोपरा दाताने धरून ओढला. पहिल्यांदा सुटला, दुसऱ्यांदा फाटला तो एकदम खालपर्यंत, अर्धं ताक शर्टवर. त्यांनी उरलेलं प्यायलं, रुमालाने पुसलं, दुकानदाराकडे बघून "गिलासात देत जा की" म्हणाले आणि गेले. त्या दोन दिवसांत ३४ जणांनी पाउच घेतलं, त्यातल्या २१ जणांनी दाताने फोडलं, बाकीच्यांनी दुकानदाराकडून ब्लेड मागितलं. आणि माझ्या गूगल फॉर्मात "पॅकिंग आकर्षक आहे" ला सरासरी ४.१ होती, कारण प्रश्न रंगाचा होता, फोडायचा नव्हताच.

सहा दुकानदारांशी बोललो, फ्रिजचं आणि गळतीचं किराणावाला भाऊ म्हणाला तसंच निघालं, एक जण तर म्हणाला सकाळी दहा पाउच ठेवतो, विकली तर विकली, दुपारी परत भरत नाही, आणि दुपारीच तर गिऱ्हाईक असतं. मॅनेजरना सगळं दाखवलं. चवीबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही, लगेच पॅकिंगवाल्याला फोन लावला की कोपऱ्याला खाच मारायला पाउचमागे किती पैसे वाढतील.

आता शंका अशी की चवीची पण ब्लाइंड टेस्ट (कुठलं ताक कुणाचं ते न सांगता) करायची इच्छा आहे, स्टँडवरच्या गाड्यावरच्या ताकाबरोबर. कपांना ए आणि बी लिहू का?

फिल्डवाला_पुणे
ए बी लिहू नको, लोक ए ला पहिला नंबर समजतात. तीन आकडी काहीही लिही, ४१७, २८३ असं. निम्म्यांना एक आधी दे, निम्म्यांना दुसरं, मध्ये पाण्याची चूळ. दोन्ही ताक सारखंच गार पाहिजे, गाड्यावरच्या ताकात बर्फ असतो आणि तुझं कोमट झालं तर टेस्ट बर्फाची होईल, ताकाची नाही. आणि चव जिंकली तरी फार उड्या मारू नको, १९८५ ला कोकने जवळपास दोन लाख लोकांना चव देऊन नवीन कोक आणलं, लोकांना घोटात आवडलं पण होतं, तरी ७९ दिवसांत जुनं परत आणावं लागलं. आणि हो, काकांचं वाक्य रिपोर्टात जसंच्या तसं टाक, "गिलासात", ग्लासात करू नको.

शेवटचा_बाक
माझे ते ४० फॉर्म कॅरी बॅगवर होते. अजून एक पण माणूस भेटलेला नाही मला जो कॅरी बॅगबद्दल "स्ट्राँगली अ‍ॅग्री" असेल.