मदत हवी आहे: चोर्ल्याचा पाऊस आणि कोरडा हायवे, दोन्हीला पुरतील असे टायर (२०५/५५ आर१६)

नमस्कार मंडळी. मी बेळगावात टिळकवाडीला राहतो. गाडी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, १.५ लिटरचं टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन, १५० पीएस ताकद. गाडीबरोबर आलेले २०५/५५ आर१६ टायर (२०५ मिलिमीटर रुंद, साइडवॉलची म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) आता संपत आलेत. गेजने मोजलं तर पुढच्या दोन्हींच्या नक्षीची खोली तीन मिलिमीटरच्या जरा खाली उतरली आहे, मागच्यांची चारच्या आसपास. मृग लागायच्या आत निकाल लावायचा आहे.

माझं फिरणं दोन टोकांचं आहे. कामासाठी पणजीला जावं लागतं, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट असं. जून ते सप्टेंबर त्या पट्ट्यात कोरडा रस्ता दिसतच नाही म्हणा ना. उरलेलं फिरणं एनएच ४८ वर, निपाणी-कोल्हापूर-पुणे, आणि सासरवाडी अथणीला, म्हणजे तिकडे पावसाळ्यातही धूळ उडते. मला गाडी चालवायला मनापासून आवडते. घाटात वळणावर गाडी रुळावरून गेल्यासारखी जावी असं वाटतं, पण बायको-मुलगी सोबत असतात, त्यामुळे ओल्यात थांबली पाहिजे ही पहिली अट.

गेल्या पावसाळ्यात दोन गोष्टी लक्षात आल्या. चोर्ल्याच्या चढाच्या वळणांवर दुसऱ्या गिअरमध्ये जरा जोर दिला की आतल्या बाजूचं पुढचं चाक फिरून जातं आणि डॅशवरचा ट्रॅक्शनचा (चाक घसरतंय हे सांगणारा) दिवा लुकलुकतो. दुसरी गोष्ट वंटमुरी घाट उतरल्यावरची. रस्त्याच्या उजव्या कडेला पाणी साचलं होतं. त्यावर गाडी आली आणि स्टिअरिंग एकदम रिकामं झालं, हातात काही लागेचना. डोळ्याची पापणी लवेपर्यंतच, पण ते हातांना अजून आठवतं.

माझ्या डोक्यात तीन नावं आहेत: मिशेलिन पायलट स्पोर्ट ४, मिशेलिन प्रायमसी ४ एसटी आणि कॉन्टिनेंटल अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६. पहिला पक्का परफॉर्मन्स (म्हणजे वेग आणि पकडीसाठीचा) टायर, बाकीचे दोन आरामाकडे झुकणारे. लोक म्हणतात परफॉर्मन्स टायर कोरड्यासाठीच, पावसात त्यांचा भरवसा नाही. हे खरं का? एका दुकानात सांगितलं की २२५/५० आर१६ घाला, रुंद टायर म्हणजे जास्त पकड. शिवाय तिथेच म्हणाले, सध्या दोनच बदला आणि नवे पुढे टाका, कारण ओढणारी चाकं पुढची. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही. चारही मिळून पन्नास हजारांच्या आत बसवायचं आहे.

खानापूरकर:

दादा, मी रोज त्याच रस्त्यावर असतो, म्हणून आधी रुंदीचं सांगतो. २२५/५० चा हिशोब कागदावर सुंदर दिसतो. तुमच्या २०५/५५ चा व्यास साधारण ६३२ मिलिमीटर, २२५/५० चा ६३१. म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही, साइडवॉलची उंचीही तीच. पण गाडीचं वजन तेच राहतं आणि ते रुंद पट्ट्यावर पसरतं. साचलेल्या पाण्यात टायरला समोरचं पाणी बाजूला सारायचं असतं. पट्टा रुंद झाला की सारायचं पाणी वाढतं आणि गाडी आधी तरंगते. वंटमुरीला जे झालं ते रुंद टायरवर त्याहून कमी वेगात होईल. कोरड्या ट्रॅकवर रुंदीचा फायदा नक्की, पण कणकुंबीला तुम्हाला ट्रॅक कुठे मिळणार? आहे तोच साइज ठेवा.

आणि सतरा इंचाच्या रिमचा कुणी आग्रह धरला तर ऐकू नका. जांबोटीच्या पुढे खड्डे पाण्याने भरलेले असतात, खोली कळत नाही. साइडवॉल जितकी बुटकी तितका खड्ड्यात आपटून तिच्यावर फुगा लवकर येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकूनच द्यावा लागतो.

रबर_आणि_रस्ता:

"परफॉर्मन्स टायर पावसात चालत नाही" हा समज रेसिंगच्या गुळगुळीत टायरवरून आलेला असावा. रस्त्यावरचे चांगले परफॉर्मन्स टायर ओल्यात उलट साध्या टायरपेक्षा लवकर थांबतात. कारण दोन. त्यांच्या रबरात सिलिका नावाची बारीक पूड भरपूर असते, त्यामुळे ओल्या, थंड डांबरावरही रबर मऊ राहून दगडाच्या खडबडीत कडांना धरतं. आणि परिघाभोवती गोल फिरणाऱ्या खोल खाचा पाणी मागे ढकलतात. पायलट स्पोर्ट ४ या वर्गातला आहे. सात अंश सेल्सिअसच्या खाली असे टायर कडक पडतात, पण बेळगावच्या हिवाळ्यात गाडी चालवायच्या वेळी तेवढी थंडी पडत नाही, म्हणून ती चिंता नको.

मात्र एक भेद मनात पक्का ठेवा. ओला रस्ता आणि साचलेलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओल्या रस्त्यावर रबर कामाला येतं, साचलेल्या पाण्यावर नक्षीची खोली. नव्या टायरची खोली साधारण आठ मिलिमीटर असते, कायद्याची मर्यादा १.६. पण तीनच्या खाली आलेला टायर आपल्याकडच्या पावसाला पुरत नाही, मग त्यावर कुठलंही नाव असो. तुमचे पुढचे आत्ता तिथेच आहेत. म्हणजे वंटमुरीचा दोष कंपनीपेक्षा झीजेचा जास्त.

निपाणी_२३:

वरचं सगळं बरोबर, पण खिशाचंही बघा की ओ. परफॉर्मन्स टायरचं रबर मऊ, ते लवकर झिजतं, आणि तुम्ही पुण्याला वरचेवर जाता. काँक्रीटचा पट्टा आणि उन्हाळ्यातलं तापलेलं डांबर त्याला खाणार. दीड वर्षात तो चार मिलिमीटरवर आला, तर तिसऱ्या पावसाळ्यात कमी झिजलेल्या साध्या टायरपेक्षा साचलेल्या पाण्यात तो वाईटच ठरणार. म्हणून मी प्रायमसी ४ एसटीकडे झुकेन. त्या टायरचा भरच झिजल्यावरही ओल्यात ब्रेक लागण्यावर आहे, आणि तो शांतही असतो. वळणावर पायलटसारखा टोकदार वाटणार नाही, हे कबूल.

अजून एक. सगळ्यात घसरडा रस्ता आषाढातला नसतो, वळवाचा असतो. महिनोन्‌महिने साचलेलं तेल, धूळ, रबराची पूड पहिल्या सरीत वर येते. आमच्याकडे ऊस चालू असताना संकेश्वर-निपाणी पट्ट्यात ट्रॉल्यांच्या चाकांचा चिखल आणि पाचट रस्त्यावर पसरलेलं असतं. त्यावर दव पडलं की कुठलाच टायर धरत नाही, तिथे पाय उचलणं हाच उपाय.

रबर_आणि_रस्ता:

दोनच बदलण्याबद्दल राहिलं. तुमचं मन बरोबर सांगतंय. नवे दोन मागे टाकायचे, गाडी पुढून ओढणारी असली तरीही. पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंग हलकं होतं, तुम्हाला कळतं आणि तुम्ही पाय उचलता. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणं बहुतेकांच्या हातात नसतं. टायर कंपन्याही हेच सांगतात. पण मागचे चार मिलिमीटरवाले पुढे आणून चोर्ल्याला जाण्यात अर्थ नाही. चारही बदला.

आणि पावसात पकड वाढते म्हणून हवा कमी करणारे लोक भेटतील. करू नका. हवा कमी झाली की मधल्या खाचा दबतात, पाणी कापलं जात नाही आणि गाडी आधी तरंगते. गाडीवरच्या स्टिकरवर आहे तेवढीच ठेवा, सकाळी टायर थंड असताना बघा.

(धागाकर्ता):

सगळ्यांचे मनापासून आभार. रुंदीचं आता डोक्यात बसलं, २०५/५५ पक्कं. चारही एकदम बदलतो. माझं वर्षाचं फिरणं वीस हजार किलोमीटरच्या आसपास जातं, त्यामुळे निपाणीवाल्यांचा मुद्दा मला टोचला. प्रायमसी घेतला तर चढावर चाक फिरायचं थांबेल का?

खानापूरकर:

नवा टायर म्हणून बराच फरक पडेल, पूर्ण थांबणार नाही. इंजिनचा २५० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) पुढच्या दोनच चाकांवरून जातो, आणि त्या वळणांवर शेवाळ आणि लाल मातीचा राप असतो. तिथे दुसऱ्याऐवजी तिसरा टाकून संथ चढा, पायलट असला तरी मी हेच सांगितलं असतं. तुमच्या फिरण्याला प्रायमसी.

घेताना टायर कधी बनला ते सांगणारे साइडवॉलवरचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ०९२५ म्हणजे २०२५ चा नववा आठवडा. जून २०२० मध्ये टायरच्या आयातीवर परवान्याची अट आली, आणि काही आयात साइज दुकानात पडून राहिलेले निघतात. चारही एकाच सुमाराचे मागा. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ९१ च्या खाली नको, म्हणजे चाकामागे ६१५ किलो, आणि टायर किती वेग सोसतो ते सांगणारं अक्षर व्ही किंवा डब्ल्यू असू दे. नक्षी दोन्ही बाजूंना वेगळी असेल तर "आउटसाइड" लिहिलेली बाजू बाहेर आली का ते बसवतानाच उभं राहून बघा, अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. पहिले दोनेकशे किलोमीटर वरचा गुळगुळीत थर उतरेपर्यंत घाटात ढकलू नका, आधी अथणीला जाऊन या.