झालेल्या आणि राहिलेल्या भेटी गूगल कॅलेंडरमध्ये वेगळ्या कशा ओळखाव्यात?

प्रश्न
मी फिजिओथेरपिस्ट असून रुग्णांच्या घरी जाऊन उपचार करते. पक्षाघाताच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांकडे आठवड्यातून तीनदा जायचे असते, म्हणून प्रत्येकाची भेट मी दर आठवड्याला आपोआप पुन्हा येईल अशी नोंदवून ठेवते. वेळ टळून गेली की मात्र सगळ्याच भेटी सारख्या फिक्या दिसतात आणि त्यांतली कोणती खरोखर झाली, कोणती रुग्णाला ताप आल्यामुळे राहिली, हे महिनाअखेरीस कळत नाही. मागच्या महिन्यात एका आजींच्या १२ भेटींचे पैसे मी सांगितले, तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील खुणा दाखवल्या. त्या १० होत्या आणि त्यांचाच हिशेब बरोबर होता. मला फार वाईट वाटले. असे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर १
गूगल कॅलेंडरमध्ये ‘टास्क’ (करायच्या कामाची नोंद) पूर्ण झाल्याची खूण करता येते, ‘इव्हेंट’ला (ठरलेल्या वेळेच्या नोंदीला, जशी तुमची भेट) ती सोय नाही. कॅलेंडरच्या नोंदी ज्या आयकॅलेंडर मानकानुसार (आरएफसी ५५४५ हा इंटरनेट मानकाचा दस्तऐवज, २००९) एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जातात, त्यातही इव्हेंटच्या तीनच स्थिती आहेत: अनिश्चित, निश्चित आणि रद्द. ‘पूर्ण’ ही स्थिती कामांच्या नोंदीपुरतीच ठेवलेली आहे. त्यामुळे खूण शीर्षकातच करावी. रुग्णाच्या घरातून निघताना नावाआधी ‘झाली’ असे लिहावे आणि बदल जतन करताना फक्त तेवढाच इव्हेंट निवडावा. चुकून सगळे निवडले गेले, तर पुढच्या न झालेल्या भेटींवरही ‘झाली’ उमटेल. महिनाअखेरीस संगणकावर ‘झाली’ हा शब्द आणि तारखांची मर्यादा देऊन शोध घेतला की नेमकी यादी मिळते.

उत्तर २
झालेल्या भेटीचा रंग बदलण्याची पद्धत मी वर्षभर वापरली. ती डोळ्यांना सोयीची आहे, पण रंगावरून शोध घेता येत नसल्याने शेवटी मोजणी हातानेच करावी लागते, म्हणून मीही शब्दाकडेच वळलो. याहून महत्त्वाचे म्हणजे राहिलेली भेट कृपया पुसू नका. पुसलेला इव्हेंट ३० दिवस कचरापेटीत राहतो आणि मग कायमचा जातो. त्याऐवजी ‘राहिली’ असे लिहून वर्णनात कारण नोंदवा, कारण आपल्या कामात उपचारात पडलेला खंड हा पैशांपुरता विषय नसतो. गुडघा अपेक्षेइतका का वाकत नाही, याचे उत्तर पुष्कळदा त्या खंडातच सापडते.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काही कुटुंबांना मी त्या इव्हेंटमध्ये पाहुणे म्हणून जोडलेले आहे. शीर्षक बदलले की त्यांना प्रत्येक वेळी ईमेल जाईल का?

उत्तर २
जतन करताना पाहुण्यांना कळवायचे का, असे विचारले जाते. माझे मत विचाराल, तर अवश्य कळवा. सूनबाईंना त्याच संध्याकाळी ‘झाली’ किंवा ‘राहिली’ दिसले, तर चूक असल्यास त्या लगेच सांगतील आणि महिनाअखेरीस दोन हिशेब समोरासमोर ठेवण्याची वेळ येणार नाही.